वारकऱ्याचे पाय आणि काचेखालची बुरशी

(शताब्दी सोहळ्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून घेतलं आहे.)

व्यासपीठावरचे ज्येष्ठ वारकरी, विणेकरी, चोपदार, टाळकरी, मृदंगमणी, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माय-माउल्या, आणि मंडपात जागा पुरली नाही म्हणून बाहेर लिंबाखाली बसलेली सगळी मंडळी, तुम्हा सर्वांच्या चरणी आमचा दंडवत.

चरणी म्हणालो, आणि आज बोलायचंही चरणावरच आहे. शताब्दी समितीनं आम्हाला सांगितलं होतं, महाराज, तुम्ही दिंडीच्या शंभर वर्षांवर बोला. पण दिंडी कुणी काढली, पहिली वीणा कुणाच्या गळ्यात होती, रझाकाराच्या दिवसात चार माणसं कशी रातोरात निघून पंढरीला पोचली, हे सगळं सकाळच्या सत्रात जाणत्यांनी सांगितलं. त्यात आम्ही आणखी काय भर घालणार? म्हणून आम्ही मागून घेतलं, की आम्हाला पायाच्या दुखण्यावर बोलू द्या. समितीतले दोघं-तिघं हसले. एक जण म्हणाला, "महाराज, दवाखान्याचं भाषण का?" आम्ही म्हणालो, हो, दवाखान्याचंच.

माउली, शंभर वर्षं ही दिंडी चालली ती कशावर? टाळ गळ्यात असतो, वीणा गळ्यात असते, पताका खांद्यावर असते. पण अंबडवरून शहागडला गोदामाई ओलांडायची, पुढं गेवराई, बीड करत पंढरपूर गाठायचं, ते पायांनी. वरून मृगाचा पाऊस, खालून काळी माती. आपली काळी भुई पाय धरते, सोडत नाही. संध्याकाळी मुक्कामाला पाय धुवावे तर बोटांच्या बेचक्या पांढऱ्या फटक पडलेल्या. कातडं भिजून लोळागोळा झालेलं. त्याला आपण चिखल्या म्हणतो. कुणी मेंदी लावतो, कुणी हळद-तेल, कुणी लिंबाचा पाला वाटून बांधतो. काही वेळा गुण येतो, काही वेळा येत नाही. आणि गुण आला नाही की आपण म्हणतो, चालायचंच, वारी आहे.

हे "चालायचंच" आम्हीही पुष्कळ वर्षं म्हणत आलो. कीर्तनातही म्हणालो. त्याचं काय झालं ते आज सांगायचं आहे.

आपले विणेकरी आबा तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असतील. नाव घेत नाही, त्यांच्या घरच्यांची तशी इच्छा आहे. आबा अनवाणी चालायचे. उन्हाळ्यात शेतातही अनवाणी, वारीतही अनवाणी. एका साली बाभळीचा काटा तळव्यात मोडला. काटा काढला, विसरून गेले. वर्षभरानं तिथं गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून आबांनी लक्ष दिलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. गाठीची सूज झाली, सुजेला बारीक बारीक तोंडं पडली, त्यातून पाणी यायला लागलं, आणि त्या पाण्यात काळे दाणे. मोहरी भरडल्यावर जसे कण पडतात तसे. आबांनी ते आम्हाला दाखवले होते. फडक्यावर घेऊन दाखवले होते.

गावानं काय म्हणावं? कुणी म्हणालं, करणी. कुणी म्हणालं, देवाचं काहीतरी चुकलं. आणि हळूच कुणीतरी महारोगाचं नाव काढलं. ते नाव निघालं की माणूस संपला. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, ल्हान-थोर बघत नाही. आबांनी पाय मागं घ्यायला सुरुवात केली. कुणी वाकलं की दोन पावलं मागं सरायचे आणि म्हणायचे, "नगा रे बाबा, माझ्या नगा." पुढच्या साली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली आणि घरी राहिले.

एका डॉक्टरनं गाठ कापली. वर्षात पुन्हा आली. पुन्हा कापली. दोन्ही वेळा कापून काढलं ते टाकून दिलं, तपासायला काही पाठवलं नाही. आणि आम्ही? त्या साली आम्ही कीर्तनात बोललो होतो, की पायाचं दुखणं वारीनंच जातं, दवाखान्याची वाट धरायची कशाला. आबा समोर बसले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांच्या पोरानं पुढं आम्हाला सांगितलं, "महाराज, संभाजीनगरला न्यायला मी गाडी ठरवली होती. बाप म्हणला, महाराज म्हणलेत ना, मंग राहू दे." हे आम्ही मंडपात उभं राहून पहिल्यांदाच सांगतोय.

शेवटी दोन सालांनी आबांना घाटीत नेलं. घाटी म्हणजे संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेज, मराठवाड्यातल्या गरिबाला ठाऊक असलेला दवाखाना. आम्हीही बरोबर गेलो होतो. तिथं डॉक्टरांनी सुजेवर जाळीची पट्टी बांधून ठेवली, दुसऱ्या दिवशी पट्टीवर दाणे अडकलेले मिळाले. ते मिठाच्या पाण्यानं धुतले, दोन काचांच्या मधी दाबून फोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. दाणा म्हणजे बुरशीच्या धाग्यांचा गुंता होता. महारोग नव्हता. करणी नव्हती. काट्याच्या वाटेनं मातीतली बुरशी आत शिरली होती आणि इतकी वर्षं आत घर करून बसली होती. पण तवर ती हाडात उतरली होती. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

या रोगाला इंग्रजीत मदुरा फूट म्हणतात, कारण १८४२ च्या सुमारास मदुराईच्या एका डॉक्टरनं त्याच्यावर लिहिलं. पण त्या दाण्यांत काय आहे ते बघणारा माणूस आपल्याच मुलखात राबलेला होता. हेन्री व्हॅनडाईक कार्टर. १८५८ साली हा तरुण डॉक्टर मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. शरीराच्या आतल्या भागांचं जे ग्रे नावाच्या डॉक्टरचं जगप्रसिद्ध पुस्तक आहे, आजही डॉक्टर होणारी पोरं ते वाचतात, त्याची पहिली चित्रं या कार्टरनंच काढलेली. त्यानं मुंबईत असले पाय बघितले, दाणे सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि सांगितलं, ही बुरशी आहे. १८६० साली त्यानं या रोगाला मायसेटोमा असं नाव दिलं. पुढं बरीच वर्षं तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, आणि १८७४ मध्ये या रोगावर त्याचा ग्रंथ निघाला. काळे दाणे आणि फिके दाणे असे दोन प्रकार त्यानं वेगळे सांगितले. चित्रकाराचा डोळा होता, म्हणून फरक टिपला असं आम्हाला वाटतं.

कार्टरच्या काळात सगळेच दाणे बुरशीचे समजत. पुढं कळलं की काळे दाणे बुरशीचे असतात, पण पिवळे, तांबडे आणि पुष्कळदा पांढरे हे बुरशीसारख्या दिसणाऱ्या जंतूंचे असतात. पांढरे तर दोन्हीकडचे निघतात. म्हणून नुसत्या डोळ्यानं सांगता येत नाही. काचेखाली जाड धागे दिसले तर बुरशी, अगदी बारीक धागे दिसले आणि ते ग्रामच्या रंगानं रंगले तर जंतू. आता तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? सगळा फरक तिथंच पडतो. जंतूचं असेल तर जंतूंवरची औषधं काही महिने घेऊन पाय वाचायची आशा मोठी. बुरशीचं असेल तर औषध वेगळं, मुदत लांब, आणि बहुतेक वेळा ऑपरेशन. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली या रोगाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. आबांचा पाय त्याच्या आधीच गेला होता.

आबा पुढं जयपूर फूट लावून ट्रॅक्टरमधी बसून वारीला आले, दोन साल. मुक्कामाला वीणा मागून घ्यायचे, तासभर उभं राहून वाजवायचे आणि परत देऊन टाकायचे. लोक पाया पडले तर आता मागं सरत नव्हते. लाकडी पायाला हात लावला तरी हसायचे.

आता आमच्या स्वतःच्या पायाचं सांगतो. हे साधं आहे, मरणाचं नाही, पण तुमच्यापैकी निम्म्या लोकांचं हेच असणार.

चार-पाच वर्षांमागं आम्हाला चिखल्या झाल्या त्या वारीनंतरही गेल्या नाहीत. दिवाळी आली तरी बेचकीत खाज. मेडिकलवर गेलो, पाय दाखवला, त्यानं एक नळी दिली. दोन दिवसांत खाज बंद. आम्ही खूश. नळी संपली, पंधरा दिवसांत खाज दुप्पट. पुन्हा नळी. असे दोन पावसाळे गेले. नायटा पायावरून पोटरीला, मांडीला, कमरेला आला. धोतर नेसायची पंचाईत. आमचा पुतण्या शिकलेला आहे, तो म्हणाला, "तात्या, नळीवर काय लिहिलंय ते वाचलं का कुणी? यात तीन औषधं एकत्र आहेत आणि त्यातलं एक स्टिरॉइड हाये." आम्ही चौथी शिकलेलो, इंग्रजी अक्षर आम्हाला मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं.

स्टिरॉइड काय करतं ते डॉक्टरबाईंनी आम्हाला असं समजावलं. खाज आणि लाली ही बुरशी करत नाही, बुरशीवर धावून जाणारं तुमचं अंग करतं. स्टिरॉइड त्या अंगालाच गप्प करतं. आम्ही म्हणालो, म्हणजे खळ्यावरच्या राखणदाराला झोपेची गोळी दिली, कुत्र्याचं भुंकणं थांबलं, आणि आम्ही समजलो चोर गेला. बाई हसल्या, "अगदी तेच, महाराज." असली स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारनं २०१८ मध्ये कडक केलाय. नियम कागदावर आहे, नळी काउंटरवर आहे.

आणि त्या नळीनं आणखी एक घोळ होतो. नायट्याची जी ठसठशीत गोल कड असते, ती पुसट होते. मग चांगला डॉक्टरही नुसतं बघून फसू शकतो. म्हणून त्यांनी आम्हाला तपासणीला पाठवलं.

आपण खेड्यातली माणसं सूक्ष्मदर्शकालाही दुर्बीणच म्हणतो. दुर्बीण दूरचं जवळ आणते, हे यंत्र बारीक असेल ते मोठं करतं. तपासणीच्या खोलीत एक पोरगी होती, आमच्या नातीच्या वयाची. तिनं आमचा पाय मांडीवरच्या फडक्यावर घेतला. आम्ही संकोचलो, पाय ओढून घेतला. आबांसारखं झालं. ती म्हणाली, "बाबा, राहू द्या. दिवसाला वीस पाय बघते मी."

स्पिरिटनं पाय पुसला. त्यानं धूळ, मलम, वरवरचे जंतू निघतात. मग बोथट पात्यानं कडेचं कातडं हळूच खरवडलं. मधलं नाही, कडेचं. आम्ही विचारलं, काहून? तर म्हणाली, बुरशी मधून बाहेर पसरत जाते, ताजी बुरशी कडेला असते. शेतातली आग कडेला पेटती असते आणि मधी राख असते, तसं. कोंडा कागदावर पडला, चिमूटभरही नाही. तो काचेच्या पट्टीवर ठेवून तिनं त्यावर एका औषधाचा थेंब टाकला आणि वर पातळ झाकणकाच ठेवली.

त्या औषधाचं नाव पोटॅशियम हायड्रॉक्साईड. त्या केओएच म्हणतात. कातड्यासाठी दहा ते वीस टक्क्यांचं, नखासाठी त्याहून जोरकस, चाळीस टक्क्यांपर्यंत. आमच्या आईच्या काळी राखेच्या पाण्यानं कपडे धुवायचे, हातांना बुळबुळ लागायची. हे त्याच जातीचं, पण कितीतरी जहाल. हाताला लागू द्यायचं नाही. ते काय करतं, तर माणसाच्या कातड्याच्या पेशी मऊ करून विरघळवत नेतं, पण बुरशीला लवकर काही करत नाही. बुरशीच्या भिंतीत कायटिन नावाचा पदार्थ असतो, खेकड्याच्या पाठीत असतो तो. म्हणजे चिखल धुऊन गेला आणि मुळं तेवढी उरली. कातड्याला दहा-वीस मिनिटं लागतात, नखाला काही तास, कधी रातभर. काही ठिकाणी काच दिव्यावर किंचित गरम करतात, पण उकळू देत नाहीत. काही ठिकाणी त्यातच लिहायची निळी-काळी शाई मिसळतात, म्हणजे धागे निळे दिसतात. आम्ही तेवढ्या वेळात मनातल्या मनात अर्धा हरिपाठ म्हटला.

मग तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि म्हणाली, "काही दिसत नाही."

आम्हाला वाटलं सुटलो. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, नाही. तुमच्या नळीत स्टिरॉइडच्या जोडीला बुरशीचंही औषध आहे, त्यानं वरवरची बुरशी दबते आणि काचेखाली सापडत नाही. एकदा दिसलं नाही म्हणजे नाही, असं इथं धरत नाहीत. पंधरा दिवस काहीही लावू नका आणि परत या. माउली, ते पंधरा दिवस आम्ही कसे काढले! रात्री उठून पाय भिंतीला घासायचो. मंडळी म्हणायची, लावा की थोडं. लावलं नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा खरवड, पुन्हा थेंब. या वेळेला तिनं आम्हालाच बोलावलं, "बाबा, या, बघा." आम्ही चष्मा काढून डोळा लावला. आधी नुसता पांढरा लख्ख उजेड. काही म्हणता काही नाही. तिनं खालची एक चकती फिरवली आणि उजेड कमी केला. उजेड कमी झाला तसं दिसायला लागलं. आधी शंभरपट मोठं करून जागा शोधली, मग चारशेपट केलं. फरशी बसवल्यासारखं कातडं, पेशीला पेशी लागलेली. ती म्हणाली, "फरशीच्या रेघा सोडून द्या. त्या प्रत्येक कोपऱ्यावर वळतात. जी रेघ फरश्या ओलांडून आपली आपली जाते, ती बघा."

आणि दिसली. हिरवट झाक असलेली, काठ चमकणारी काडी. जाडी सगळीकडं सारखी. ठरावीक अंतरावर आडवी गाठ. मधीच फांदी फुटलेली. एका ठिकाणी तर गाठी-गाठींवर तुटून मण्यांची माळ झाली होती. आमच्या तोंडून निघालं, "अरे, ही तर हराळी!" हराळीच्या काशा तुम्ही उपसल्यात की नाही? पेर असतं, पेरावर फुटवा असतो, आणि तुकडा पडला तरी तुकड्यातून पुन्हा उगवते. ही तशीच, फक्त आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या हिश्शाची. आम्ही दोन वर्षं नळी लावून वरून खुरपत होतो, काशा खालीच होत्या.

तिला आम्ही विचारलं, चुकतं का कधी? म्हणाली, चुकतं. कपड्याचा सुती धागा बुरशीसारखा दिसतो, पण तो पिळलेला असतो, जाडी कमी-जास्त असते, फांदी नसते. कधी औषधाचे खडे जमतात, कधी पेशींच्या कडांमधी नुसती नक्षी दिसते आणि नवशिक्याला ती बुरशी वाटते. ज्यांच्याकडं खास दिवा आहे ते एक रंग टाकतात, त्या दिव्याखाली बुरशी चांदण्यासारखी उजळते. नखाची बुरशी सापडायला अवघड, म्हणून नखाचा तुकडा वेगळा पाठवून त्याच्या पातळ चकत्या रंगवून बघतात. आणि कुठली बुरशी आहे, तिचं कूळ कोणतं, हे बघायचं तर खरवड पेरावी लागते. हो, पेरावी! साबुरो नावाच्या फ्रेंच डॉक्टरच्या पद्धतीचं साखर घातलेलं खाद्य बाटलीत घट्ट करतात आणि त्यावर कोंडा पेरतात. तीन-चार आठवडे वाट बघायची. हरभऱ्यालाही इतका वेळ लागत नाही उगवायला. पण साध्या चिखल्यांना एवढं करावं लागत नाही, केओएच तासाभरात सांगून जातं.

आम्हाला गोळ्या दिल्या, त्याआधी रक्त तपासलं, कारण असल्या गोळ्या काही जणांच्या काळजाला, म्हणजे लिव्हरला, त्रास देतात. किती दिवस, किती गोळ्या, ते आम्ही मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर उद्या तुम्ही मेडिकलवर जाऊन तेच मागाल. आम्ही मोसंबीला डिंक्या लागला तर झाडाची साल खरवडून चार जणांना दाखवतो. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातून माती तपासून आणतो, मग खत टाकतो. झाडाच्या बुडाला काय टाकायचं ते विचारून टाकतो आणि आपल्या पायाला काय लावायचं ते कुणालाच विचारत नाही.

हे सगळं कळल्यावर आम्ही दिंडीत बोललो. निघायच्या आधी एक दिवस सगळ्यांचे पाय तपासून घ्यायचे, असं ठरवलं. त्यावर वाद झाला. एक जुने टाळकरी तावातावानं म्हणाले, "वारकऱ्याचे पाय देवाचे. त्याच्यावर संशय घ्यायचा? मंग पाया पडायचं का नाही?" प्रश्न खरा होता. आम्ही तो डॉक्टरबाईंपुढं तसाच ठेवला. त्या म्हणाल्या, "पाया पडा, महाराज. हात धुवा म्हणजे झालं. बुरशी पसरते ती एकाची ओली चप्पल दुसऱ्यानं घातल्यानं, एका पंचानं चौघांनी पाय पुसल्यानं, ओल्या सतरंजीनं." पंचाचं ऐकून आम्ही गप्प बसलो. आपल्या ट्रकमधी दोरीवर एकच पंचा लटकत असतो, पहिल्या मुक्कामापासून शेवटच्या मुक्कामापर्यंत.

पहिल्या सालच्या तपासणीत तिघांचे पाय अगदी एकसारखे वाटले होते. एका गड्याच्या तळव्याला बारीक खड्डे आणि घाण वास. सगळे म्हणाले चिखल्या. काचेखाली बुरशी नव्हतीच, ते जंतूंचं निघालं, औषध वेगळं. दुसऱ्या एका माउलीला जोडव्याखाली ओलसर पांढरं. ती जोडवी काढायला तयार नव्हती, सौभाग्याचं लेणं. तपासणीच्या पोरीनं जबरदस्ती केली नाही. जोडवं बोटावरच ठेवून वर सरकवलं आणि खालून खरवड घेतली. बुरशी सापडली. आता ती माउली आंघोळ झाली की जोडवं सरकवून कोरड्या फडक्यानं बोट टिपते. आणि तिसऱ्याचा चट्टा खाजतच नव्हता, त्यावर टोचलेलं कळतही नव्हतं. तो खरंच महारोग होता. ज्या नावानं आबा घरात बसले, ते नाव याच्या कागदावर आलं. पण आता त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर माणूस बरा होतो. त्यानं पुरं औषध घेतलं. तो आज या मंडपात बसलाय. कोण, ते सांगणार नाही, आणि तुम्ही शोधूही नका.

साखरेचा आजार असलेल्यांना वेगळं सांगतो. तुमच्या पायाची जाण कमी झालेली असते. बेचकीतली चिखली फाटली की तिथून दुसरे जंतू आत जातात, पाय सुजतो, ताप येतो आणि पुढचं सगळं फार झपाट्यानं होतं. तुम्ही मुक्कामाला रोज दुसऱ्या कुणाला तरी पाय दाखवा. बायकोला, सोबत्याला, कुणालाही.

यंदाची सोय अशी केली आहे. निघायच्या आधीच्या दिवशी देवळाच्या ओसरीवर डॉक्टर येतील. खरवड घ्यायची ज्यांची असेल त्यांची तिथंच घेतील. सूक्ष्मदर्शक इथं येणार नाही, खरवड तिकडं जाईल. त्याला बाटली लागत नाही, बर्फ लागत नाही. काळ्या कागदाची घडी घालून पुडी करतात, अंगाऱ्याची करतो तशी. काळा कागद एवढ्यासाठी, की पांढरा कोंडा त्याच्यावर दिसावा. कोरडी पुडी कित्येक दिवस टिकते, ओल लागली की बिघडते. पुडीवर नाव, वय आणि कुठल्या जागेचं ते लिहायचं. लिहिता येत नसेल तर आमच्या पुतण्याकडून लिहून घ्या. तपासणीच्या आधी पंधरा दिवस पायाला मलम लावू नका, मात्र डॉक्टरनं चालू केलेलं औषध असेल तर त्यांनाच विचारून थांबवा. आणि घरात अर्धी वापरलेली नळी असेल ती फेकू नका, लपवू नका, सोबत आणा. त्यावर काय लिहिलंय ते डॉक्टरांना वाचायचं असतं. पंचा मात्र प्रत्येकानं आपला आपला आणायचा.

ओसरीवर बसायला सकाळी सातपासून सुरुवात होईल. पहिला पाय आम्ही पुढं करणार आहोत.

रामकृष्णहरी.